५२ हजार किलोमीटरमध्येच बसचं इंजिन पुन्हा उघडलं, खरं कारण कसं शोधायचं?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमच्या चार बस आहेत. तीन शिरवळच्या कारखान्यांत कामगार नेतात, एक शाळेला लावली आहे. त्यातली २०१४ ची गाडी, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ९७ चा बोअर, गेल्या आठवड्यात रात्री कामगारांना घेऊन परत येताना खंबाटकीच्या चढाला वाजायला लागली. आमच्या ड्रायव्हरने लगेच बाजूला घेऊन बंद केली, दुसरी गाडी मागवून माणसं घरी पोचवली. सकाळी टोचन करून आणली. ऑइल चेंबर खोललं तर तीन नंबरचं रॉडबेरिंग (पिस्टनचा दांडा, म्हणजे रॉड, क्रँकवर जिथे बसतो तिथलं) फिरलेलं आणि क्रँकला निळा रंग चढलेला.

हे इंजिन चौदा महिन्यांपूर्वी फुल केलं होतं. लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा, बेरिंगं सगळं नवीन, क्रँक घासून बारीक, दहा साइजला ग्राइंड. त्यानंतर गाडी चालली फक्त ५२ हजार. याच गाडीचं पहिलं इंजिन साडेचार लाखांना उघडलं होतं! शेवटचे तीन-चार महिने ऑइल खात होती, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा सोडणाऱ्या नळीतून) धूर मारत होती, पण ओढायला बरी होती म्हणून मी चालवत राहिलो. ती चूक माझी.

आता गॅरेजवाला म्हणतो मटेरियल हलकं होतं. दुकानदार म्हणतो मटेरियल चोख, फिटिंग चुकलं. आणि दोघंही म्हणतात की ड्रायव्हर गाडी रेटतो, घाटात वरच्या गिअरमध्ये ओढतो. ड्रायव्हर अकरा वर्षं माझ्याकडे आहे. रागाच्या भरात मी त्याला नको ते बोललो, या महिन्याच्या पगारातून पाच हजार कापणार असंही सांगून बसलो. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. इंजिनाचा खर्च पुन्हा करेन, पण कारण कळल्याशिवाय केला तर पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा उघडावं लागेल. सगळे भाग अजून गॅरेजमध्ये पडून आहेत. हे शोधायची काही रीत असते का?

जुना_फिटर

साहेब, आधी गॅरेजला फोन करा आणि सांगा की एकही वस्तू डिझेलने धुवायची नाही. बाकी सगळं नंतर.

मी मिरजेचा. चौतीस वर्षं बसच्या इंजिनांवर हात काळे केले, शेवटची नऊ वर्षं तर फक्त बसलेली इंजिनं तपासायचं काम होतं. आपल्याकडे इंजिन खोललं की पोऱ्या पहिल्यांदा सगळं धुऊन चकाचक करतो, बेरिंगांची रास करतो, आणि त्याच वेळी निम्मा पुरावा वाहून जातो. खून झालेल्या खोलीत पंचनाम्याआधी फरशी पुसावी तसं.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणा. रॉडची बारा शेल, म्हणजे बेरिंगांचे अर्धगोल तुकडे, एक ते सहा क्रमाने, वरचं आणि खालचं वेगळं, खडूने नंबर घालून ठेवा. मेनची, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये बसते तिथली, चौदा शेल तशीच. पिस्टन रिंगांसकट, पुढची बाजू कुठली ते मार्करने लिहून. ऑइल फिल्टर फेकला नसेल तर तो करवतीने न कापता पत्र्याच्या कात्रीने कापा, करवतीचा कीस आत पडला की काय खरं काय खोटं कळत नाही. त्याचा कागद पसरा आणि त्यावरून लोहचुंबक फिरवा.

आणि एक सांगतो. सगळे त्या फिरलेल्या तीन नंबरच्या बेरिंगाकडेच बघत बसतात. त्या बेरिंगाने जीव सोडताना आपला पुरावाही वितळवून टाकलेला असतो. तुम्ही उरलेल्या पाचांकडे बघा. ती अजून जिवंत आहेत, ती बोलतील.

विट्याचा

माझं स्पेअरचं दुकान आहे, म्हणून दुकानदाराच्या बाजूने बोलतोय असं समजू नका. बाजारात नकली माल आहे, हे मी नाकारत नाही. पण नकली मालाचा आरोप तपासता येतो. शेलची जाडी गोल टोकाच्या मायक्रोमीटरने मध्यावर मोजा, न झिजलेल्या खालच्या शेलांची. सगळी एकसारखी भरतात का ते बघा. पाठीवर साइजचा शिक्का आणि बॅच नंबर सगळ्यांवर सारखाच आहे का? शिक्के जुळत असतील आणि जाडी जुळत असेल तर दुकानदाराला सोडा, पुढे शोधा.

गोडोलीकर

फोन केला. हेड आणि चेंबर धुऊन झालं होतं, बाकी वाचलं. काल दिवसभर तिथेच बसून होतो. जुना_फिटर काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं मांडलं, दिसलं ते लिहितो.

रॉडची वरची शेल सहाच्या सहा राखाडी राहिलेली नाहीत. मधोमध तांब्याचा रंग उघडा पडलाय. खालची शेल बरी आहेत, पण त्यांच्यातही बारीक काळे कण रुतलेले दिसतात, नखाला खरखर लागते. मेनमध्ये उलटं, खालची शेल तांबडी आणि वरची बरी. शिक्के आणि जाडी सगळ्यांची जुळते.

लायनरला वर, जिथे पहिली रिंग थांबते तिथे, नखाला अडकेल असा ओठ आलाय. बोअर डायल लावला तर वर २२ ते २६ पॉइंट झीज, म्हणजे ०.२२ ते ०.२६ मिलिमीटर. खाली जेमतेम ३ पॉइंट. खाली होनिंगच्या (नव्या लायनरला मुद्दाम मारलेल्या) तिरक्या रेघा नव्यासारख्या आहेत, वर आरशासारखं गुळगुळीत. पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या अंगावर) उभ्या बारीक रेघा, चकाकी गेलेली. फिल्टरच्या कागदात चुंबकाला थोडा चुरा लागला, पण तांबूस-पिवळसर चमचम जास्त होती.

एअर फिल्टर दोन महिन्यांपूर्वीचा आहे, चांगल्या कंपनीचा, कागद कुठेही फाटलेला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण धुळीबद्दल विचारणार हे माहीत आहे.

यंत्रवेडी

सांगलीत मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. गोडोलीकर, तुम्ही फार छान नोंदी दिल्यात. माझा विद्यार्थी असतात तर पूर्ण गुण दिले असते.

हे बेरिंग तीन थरांचं असतं. पाठ पोलादाची, त्यावर तांबं आणि शिसं यांचा थर, आणि सगळ्यात वर मऊ राखाडी मुलामा, तो जेमतेम २० मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. कचरा आला तर तो पोटात घ्यावा म्हणूनच हा मुलामा मऊ ठेवलेला असतो. रॉडमध्ये ज्वलनाचा दाब वरच्या शेलवर येतो, मेनमध्ये तोच दाब खालच्या शेलवर. तुमच्याकडे नेमकी तीच शेल झिजली आहेत. म्हणजे दाब जिथे यायला हवा तिथेच आला, शाफ्ट वाकडी नाही, लाइन चुकलेली नाही. क्रँक किंवा ब्लॉक वाकडा असता तर मेनची झीज एका टोकाला किंवा मधल्या जोडीला जास्त दिसली असती.

ऑइल अजिबात पोचलं नाही असंही नाही. तसं असतं तर सगळी शेल काळी-निळी पडून मुलामा पुसल्यासारखा सरकलेला दिसला असता. तुमच्या पाच शेलांत मुलामा घासून गेलाय, वितळलेला नाही. घासणारं काहीतरी ऑइलमध्ये होतं.

मग ते आलं कुठून? ऑइलमधून कचरा आला तर बेरिंगं आणि ऑइल रिंग आधी जातात. हवेतून धूळ आली तर पहिला तडाखा वरच्या रिंगेला, तिच्या खोबणीला आणि लायनरच्या वरच्या टोकाला बसतो, मग तीच धूळ ऑइलमध्ये उतरून बेरिंगांना खाते. तुमच्या लायनरची वर २६ आणि खाली ३ पॉइंट झीज मला हवेकडे बोट दाखवणारी वाटते. पण एक मोजमाप राहिलंय. प्रत्येक पिस्टनची पहिली, दुसरी आणि ऑइल रिंग लायनरच्या खालच्या न झिजलेल्या भागात सरळ बसवा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टोकांमधली फट मोजा. खालीच मोजा, नाहीतर लायनरची झीज रिंगेच्या नावावर जाईल.

दुसरं, काढलेलं जुनं ऑइल डब्यात असेल तर ढवळून एक बाटली पुण्याच्या लॅबला पाठवा. लोखंड, तांबं, शिसं, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन बघायचं. धुळीत सिलिकॉनबरोबर अ‍ॅल्युमिनियमही असतं. नुसतंच सिलिकॉन वाढलं तर ते पॅकिंगच्या सिलिकॉन पेस्टचंही असू शकतं, तेव्हा एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय या यंत्राला ८-१० मायक्रॉनपेक्षा मोठे कण फारसे दिसत नाहीत, म्हणून फिल्टर कापून बघण्याला पर्याय नाही.

पसरणी_घाट

मी ड्रायव्हर आहे. वाई, पाचगणी, महाबळेश्वर या वाटेला वीस वर्षं गाडी चालवतोय. मालक लोकांनी वाचावं म्हणून लिहितो, राग मानू नका.

चढाला वरच्या गिअरमध्ये ओढली की इंजिनला त्रास होतो, हे खरं. कमी फेऱ्यात जास्त ताण, बेरिंगवरचा ऑइलचा पडदा पातळ होतो. पण त्याने सहाच्या सहा लायनर वरून खाल्ले जात नाहीत. ड्रायव्हरने इंजिन मारलं की त्याच्या खुणा वेगळ्या असतात, मी डोळ्यांनी बघितल्यात.

एका नव्या पोराने पसरणी उतरताना चौथ्यातून घाईत दुसऱ्यात टाकली. अशा वेळी गव्हर्नर काही करू शकत नाही, तो डिझेल तोडतो, पण चाकंच इंजिनला फिरवत असतात. इंजिन जे किंचाळलं ते मागच्या सीटपर्यंत ऐकू आलं. गाडी चालत राहिली. महिन्याने खोलली तर पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या अर्धचंद्रासारख्या खुणा आणि दोन पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) वाकलेले. गोडोलीकर दादा, तुमच्या पिस्टनच्या माथ्यावर अशी खूण आहे का बघा. नसेल तर त्या माणसाला बोल लावू नका. त्याने आवाज ऐकून घाटातच गाडी बंद केली, नाहीतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता.

कृष्णाकाठ

पसरणी_घाट म्हणतात ते पटलं. बिघाड आज होतो पण त्याचं बीज कधीतरी आधीच पडलेलं असतं. आमचं उदाहरण देतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आमची एक बस पाण्यातून काढावी लागली. माणसं वाचवायची होती, दुसरा इलाज नव्हता, आणि आजही तसंच करू. मध्येच गाडी एक हिसका देऊन बंद पडली. पाणी उतरल्यावर नोझल (डिझेल फवारणारे) काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल तीनदा बदललं, गाडी चालू झाली. थोडी थरथरायची, पण चालायची. सहा महिन्यांनी तासगावच्या रस्त्याला चांगल्या सपाटीवर पाच नंबरचा रॉड तुटला आणि ब्लॉकला भोक पडलं.

तेव्हा सगळे म्हणाले बोल्ट ढिला राहिला असेल. बघणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी लायनर हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "ह्यो रॉड पुरातच वाकलाय." लायनरच्या वरच्या टोकाला कार्बनची रेघ असते. बाकी पाचांत ती एकच होती, पाच नंबरात पट्टा रुंद होता आणि दुसरी रेघ दोन-अडीच मिलिमीटर खाली. पाणी दाबलं जात नाही, म्हणून रॉड वाकला, वाकला म्हणून आखूड झाला, आणि त्या दिवसापासून पिस्टन वरपर्यंत पोचतच नव्हता. नंतरचे सहा महिने तो वाकडा रॉड दर फेऱ्याला थोडाथोडा थकत गेला. पूर ओसरल्यावर नोझलच्या भोकातून सळई घालून सहाही पिस्टनची उंची मोजली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं.

यंत्रवेडी

कृष्णाकाठ, तो तुटलेला रॉड आहे का अजून? थकव्याने तुटलेल्या तोंडावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेघा दिसतात, त्या जिथे एकत्र येतात तिथून तडा निघालेला असतो. शेवटी जो भाग एकदम तुटतो तो खडबडीत, दाणेदार. सगळ्यांना विनंती, तुटलेली दोन तोंडं एकमेकांना जुळवून बघायचा मोह आवरा. त्याने हीच वलयं चुरडली जातात. तेलाचा हात फिरवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ठेवून द्या.

कृष्णाकाठ

रॉड भंगारात गेला, ताई. हळहळ वाटते आता.

थोडं विषयांतर, पण विचारून घेतो. आमच्या दुसऱ्या गाडीत ऑइलमध्ये पाणी येत होतं. हेड गॅस्केट दोनदा बदललं. शेवटी लायनर काढला तर बाहेरून, पाण्याच्या बाजूने, सुईच्या टोकाएवढी भोकं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. तीसुद्धा एकाच उभ्या पट्ट्यात. गंज म्हणावा तर बाकी लायनर स्वच्छ होता.

जुना_फिटर

तो नुसता गंज नव्हे. पिस्टन वर-खाली जाताना बाजू बदलतो, लायनरला थाप मारतो. लायनर घंटेसारखा थरथरतो आणि त्याच्या बाहेरच्या पाण्यात क्षणभर पोकळी तयार होऊन बुडबुडे येतात. ते बुडबुडे फुटताना लायनरच्या अंगावर बारीक हातोडीसारखे आपटतात. पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्याच बाजूला भोकं पडतात, म्हणून तुम्हाला उभा पट्टा दिसला. कूलंटमधलं औषध लायनरवर एक पातळ कवच धरतं, बुडबुडा त्या कवचाला खातो आणि कवच पुन्हा धरतं. नुसतं पाणी असेल तर कवच धरणार कशाने? बोअरवेलचं पाणी घालणाऱ्या गाड्यांत मी हे सगळ्यात जास्त बघितलंय, शिवाय त्यात क्षाराची पुटं बसतात आणि उष्णता अडते ती वेगळीच. रेडिएटरचं झाकण ढिलं असेल तर दाब राहत नाही आणि बुडबुडे आणखी वाढतात. झाकण बदला, कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घाला, वर नुसतं पाणी ओतत राहू नका.

आता मूळ गाडीकडे. गोडोलीकर, रिंगांचं काय झालं?

गोडोलीकर

रिंगा मोजल्या, खालच्या न झिजलेल्या भागात. पहिल्या रिंगेची फट सहा सिलिंडरांत १.८ ते २.२ मिलिमीटर. दुसरीची ०.९ च्या आसपास. ऑइल रिंग ०.६. गॅरेजवाला म्हणाला नवीन बसवताना सगळ्या ४० पॉइंटच्या आसपास होत्या.

पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हची एकही खूण नाही. पुशरॉड बाराही सरळ, काचेवर लोळवून बघितले.

यंत्रवेडी

फट दीड मिलिमीटरने वाढली म्हणजे रिंग आतून-बाहेर पाव मिलिमीटर झिजली (दीड भागिले २π). वरची रिंग सगळ्यात जास्त, खाली येईल तसं कमी. ही धूळ हवेतून आलेली आहे. मला आता शंका नाही.

माणदेशी

आटपाडीकडे गॅरेज हाय आमचं. आमच्याकडं उन्हाळ्यात धूळ कशी उडती ते सांगायला नको. फिल्टर नवा हाय म्हणून निवांत राहू नका दादा. फिल्टरच्या पुढं टर्बोपर्यंत पाइप असतो, त्यात फट असली तर फिल्टर असून नसून सारखाच. एक लिटर डिझेल जाळायला इंजिन दहा हजार लिटरच्या वर हवा ओढतं. त्यातली अगदी थोडी हवा बिनगाळता गेली तरी वर्षात किती माती गेली, हिशेब करा. गारगोटीचा कण लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतो.

पहिलं, टर्बोचं हवेकडचं चाक बघा. पात्यांच्या पुढच्या कडा बोथट, वाळू मारल्यासारख्या निस्तेज झाल्या असतील तर धूळ तिथूनच गेली. दुसरं, फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप आतून पांढऱ्या फडक्यानं पुसा. आत काहीच लागायला नको. आणि बाकीच्या गाड्यांना आमची युक्ती करा. त्या पाइपाला आतून बोटानं ग्रीसचा पातळ हात द्या, दोन दिवस गाडी चालवा, मग बघा. ग्रीस स्वच्छ राहिलं तर पाइप चोख. मातकट झालं तर जिथनं पट्टा सुरू होतो तिथंच फट. ग्रीस लै थापू नका, टर्बोत जाईल.

आणि फिल्टर दर आठवड्याला कॉम्प्रेसरनं झटकायची सवय असंल तर सोडा. कागदावर बसलेली थोडी धूळ उलट बारीक कण अडवती. हवा मारून मारून कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात.

गोडोलीकर

सापडलं.

माणदेशी दादा, टर्बोच्या पात्यांना हात लावला तेव्हाच कळलं. कडा लाकडी चमच्यासारख्या गोल झाल्या आहेत. मग पाइप. हा गॅरेजच्या कोपऱ्यात तसाच पडला होता. मूळचा रबरी वाकडा पाइप मागच्या वेळी इंजिन करताना तडकला होता, तो महाग म्हणून पत्रा वाकवून, वेल्डिंग करून नवा पाइप बनवला होता. बिलात "पाइप फॅब्रिकेशन" असं लिहिलेलं आहे, मी तेव्हा वाचून सोडून दिलं. त्या पाइपाला लांबीभर वेल्डिंगची उभी शिवण आहे, घासून सपाट केलेली नाही. टोकाला त्या शिवणीवरून होज चढवून क्लिप आवळली, तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढी फट राहते. आणि शिवण खालच्या बाजूला, मागच्या चाकाकडे तोंड करून. पाइपाच्या आत त्या फटीपासून लाल मातीचा पंखा पसरलाय, नदीच्या मुखाजवळ गाळ पसरतो तसा.

म्हणूनच पहिलं इंजिन साडेचार लाख चाललं आणि दुसरं ५२ हजार.

लॅबचा कागदही आला. सिलिकॉन ९४, अ‍ॅल्युमिनियम ३१, लोखंड २१०, तांबं आणि शिसंही वर. यंत्रवेडी ताईंनी सांगितलं तसं सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम हातात हात घालून.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातंय. काल ड्रायव्हरच्या घरी गेलो, करंज्यात राहतो. त्याने गाडीची वही समोर ठेवली. प्रत्येक ऑइल टाकल्याची तारीख आणि लिटर त्यात आहे. इंजिन केल्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या अक्षरात लिहिलंय, "चढाला हवेच्या पाइपातून शिट्टी येते, मालकांना सांगितले." मी खरंच आठवून बघितलं. त्याने सांगितलं होतं. मी टर्बोचा आवाज असेल म्हणालो होतो. त्याची माफी मागितली. पगार कापणार नाही हे तर झालंच.

जुना_फिटर

छान काम केलंत. पण अजून एक धागा लोंबतोय. धूळ सहाही बेरिंगांना सारखीच लागली, मग तीनच नंबर आधी का गेलं? त्या फिरलेल्या शेलचा समोरचा भाग गेलाच आहे. पाठ बघा. आणि रॉडच्या डोळ्यात जिथे शेल बसतं ती जागाही बघा.

गोडोलीकर

काका, तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत? तीन नंबरच्या वरच्या शेलच्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा जळका डाग आहे आणि मधोमध खड्डा पडल्यासारखी खूण. रॉडमध्ये त्याच जागी बारीक धातूचा कीस घट्ट चिकटलेला.

जुना_फिटर

ओळखलं नाही, अशीच खूण पन्नास वेळा पाहिली आहे. शेल बसवताना रॉडची जागा पुसली नाही. मागे कीस राहिला की शेल तिथे पुढे उचललं जातं, क्रँकला तिथे जास्त घासतं. शिवाय तेवढ्या भागात शेलची पाठ रॉडला टेकत नाही, त्यामुळे उष्णता रॉडमध्ये जायला वाट राहत नाही. काळा डाग त्याचाच. धूळ नसती तर हे बेरिंग कदाचित दोन-तीन लाख ओढलं असतं. कीस नसता तर धुळीने हे इंजिन ऑइल पीत पीत आणखी काही महिने चाललं असतं. दोन्ही एकत्र आल्यावर खंबाटकीला पोचलं.

आता बांधताना ब्लॉक आणि क्रँकच्या ऑइलच्या वाटा ब्रशने धुवा, प्लग काढून. टर्बो नवा नाहीतर नीट रिपेअर केलेला. ऑइल कूलर बदलाच, त्यात अडकलेला कचरा धुऊन निघत नाही. क्रँक आता वीस साइजला जाईल, पण निळी पडलेली जागा आधी तडा तपासून घ्या. चुंबकीय पावडरची तपासणी करणारे आपल्याकडे आहेत. आणि ग्राइंडवाल्याला सांगा, जर्नलच्या (क्रँकवर बेरिंग बसतं त्या गोल जागेच्या) कडेची गोलाई तशीच ठेव. ती कोपऱ्यात काटकोनात मारली तर क्रँक तिथूनच तुटते.

पसरणी_घाट

गोडोलीकर दादा, घरी जाऊन माफी मागितलीत, हे वाचून बरं वाटलं. आमच्या लोकांना हे फार कमी वेळा मिळतं.

गोडोलीकर

शेवटची खबर देतो. क्रँकला तडा नाही, वीस साइजला झाली, कडेची गोलाई मी स्वतः उभं राहून बघितली. तो पाइप आणि तीन नंबरचं शेल घेऊन गॅरेजमालकाकडे गेलो होतो. भांडायचं ठरवून गेलो, पण त्यांनी पाइपाच्या शिवणीवरून बोट फिरवलं, शेलची पाठ बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मजुरी घेणार नाही म्हणाले. रॉड बसवताना त्यांनी स्वतः प्रत्येक जागा नव्या फडक्याने पुसली.

मटेरियलच्या दुकानदारालाही फोन करून सांगितलं की तुमचा दोष नव्हता.

त्याच गॅरेजमध्ये सहा महिन्यांपूर्वी आमच्या शाळेच्या गाडीलाही तसाच पत्र्याचा पाइप बसवला होता. ग्रीसची युक्ती केली. दोन दिवसांनी होज काढला तर शिवणीजवळ बोटभर मातकट पट्टा. तो पाइप त्याच संध्याकाळी काढला, कंपनीचा रबरी बसवला. त्या गाडीचं ऑइल गरम असताना, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेतून नमुना घेतला आणि लॅबला पाठवला. सिलिकॉन थोडं वर आहे, लोखंड अजून हाताबाहेर गेलेलं नाही. ते इंजिन वाचलं असं वाटतं.

मोठी गाडी कालपासून रोडवर आहे. पहिलं ऑइल अडीच हजार किलोमीटरला बदलणार, नमुना तेव्हाच. ड्रायव्हरने आज नवी वही मागून घेतली. तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल असे रकाने आखलेत आणि शेवटी त्याने स्वतःहून एक रकाना वाढवलाय: आवाज. सध्या दर शनिवारी तो मला ते पान वाचून दाखवणार, असं आमचं ठरलंय.